कोयता, कट्यार आणि नऊ इंच

ऊसतोडीच्या हिशोबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर 'अर्धा कोयता'. मुकादम 'माझ्याकडं वीस कोयते आहेत' असं सांगतो, तेव्हा तो चाळीस माणसांबद्दल बोलत असतो. उचल कोयत्यावर ठरते आणि खाडा झाला तर पैसे कोयत्याच्या नावावर कापले जातात. हत्याराच्या नावानं माणूस मोजण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यात काही विचित्र आहे असं आमच्याकडं कुणाला वाटत नाही. मी मूळचा गडमुडशिंगीचा. एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ आणि जिथं या दोन्हींपैकी काही नाही तिथं ऊस. त्यामुळं पातं म्हटलं की, माझ्या डोळ्यांसमोर आधी कोयता येतो.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या ट्रेकिंग ग्रुपवरचा वाद. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालायला जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी हा वाद होतोच. कुणीतरी दहा इंची 'सर्व्हायव्हल नाइफ'ची लिंक टाकतं. दुसरा कुणी स्वीडनचा चार इंची चाकू दाखवतो. मग लांब पातं चांगलं की आखूड, यावर दोनशे मेसेज पडतात. (फिक्स्ड ब्लेड म्हणजे न मिटणारं पातं, घडीचा चाकू नव्हे, एवढं एकमत असतं.) वादातले सगळे दाखले अमेरिकन यूट्यूबवरचे. अलास्कातलं अस्वल, पाईनचं लाकूड, बर्फ. आपल्याकडं कारवी आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत, चार महिने भिजलेलं लाकूड आहे आणि लांब की आखूड या प्रश्नाला दिलेली निदान चारशे वर्षांची उत्तरंही आहेत. ती सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटाखाली आणि कोल्हापूरच्या आसपासच सापडतात.

आधी थोडं इंजिनियरिंग, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एकसारख्या जाडी-रुंदीची पट्टी एका टोकाला धरून फिरवली, तर तिचा फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व आघूर्ण, वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग याच्या एक तृतीयांश असतो. लांबी दुप्पट केली की वस्तुमानही दुप्पट होतं आणि लांबीचा वर्ग चौपट. म्हणजे विरोध आठपट. दुप्पट लांब पातं फिरवायला आठपट जड जातं. पण एकदा त्याच वेगानं फिरलं की त्यात ऊर्जाही आठपट असते. लांब पात्याचं सगळं बळ आणि सगळा त्रास या आठच्या आकड्यात आहे. तोडायचं असेल तर आठपट तुमच्या बाजूनं. सोलायचं, टोकरायचं, काटा काढायचा असेल तर तेच आठपट तुमच्या विरोधात, कारण टोक बोटांपासून लांब गेलेलं असतं.

कोयता हा या गणितावर काढलेला तोडगा आहे. तो तलवारीएवढा लांब नसतो, पण त्याचं वजन पुढं असतं. पातं मुठीपासून टोकाकडं रुंद होत जातं, किंवा टोकाशी आत वळतं. म्हणजे लांबी न वाढवता वजन हातापासून दूर नेलं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते. चार बोटं वर तोडला तर शेतकऱ्याचंही नुकसान आणि कारखान्याचंही. त्यामुळं तोडणारा कमरेत वाकलेला. वाकलेल्या माणसाला हात खांद्यावरून फिरवायला जागा नसते, मनगट आणि कोपर एवढंच फिरतं. लांब पातं इथं मातीत घुसेल, दगडावर आपटेल, नाहीतर शेजारच्याच्या नडगीत जाईल. आखूड पात्यानं एका घावात ऊस पडणार नाही. मग पाला सोलायचा, शेंड्याकडचं वाढं छाटायचं, तेही त्याच पात्यानं. दिवसभरात हे हजारो वेळा. लांबी कुणी चर्चेतून ठरवलेली नाही. पाठ, मनगट आणि उसाचं बुडखं यांनी मिळून ठरवली.

गावाकडच्या लोहाराकडं जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे पडलेले असतात. त्यातून कोयता होतो. कमानपाट्याचं पोलाद मुळात वाकून परत सरळ होण्यासाठी बनवलेलं, त्यामुळं घाव सोसतं. तापवायचं, ठोकायचं, धारेच्या बाजूला पाणी पाजायचं, पाठ जरा मऊ ठेवायची. सगळं पातं सारखंच कडक केलं तर पहिल्या दगडावर तुकडा उडतो. वापरून वापरून धार मागं सरकली की पुन्हा भट्टीत घालून शेवटून आणायचं. खुरपी, विळे, कुऱ्हाडी, सगळ्यांचं आयुष्य असंच. दर शेवटण्याला पातं थोडं आखूड होतं. जुन्या घरांच्या कोनाड्यात एखादा बोटभर उरलेला विळा सापडतो, तो बाजारातून तसा आणलेला नसतो.

शेतकऱ्याच्या घरात एकच पातं नसतं, हे मात्र ग्रुपवरच्या वादात कुणाच्या लक्षात येत नाही. तोडायला कोयता, गवताला विळा, भांगलायला खुरपं, स्वयंपाकात विळी. विळी तर जगातल्या भल्याभल्या चाकूवाल्यांना चक्रावून टाकेल, कारण तिथं पातं स्थिर आणि भाजी फिरते. मूठच नाही, त्यामुळं मूठ केवढी हा प्रश्नच मिटला. लांब की आखूड असा प्रश्न पडतो तो फक्त त्याला, ज्याला एकच पातं न्यायचं आहे आणि सगळी कामं त्याच्याकडून करून घ्यायची आहेत. तो बहुतेक वेळा शहरातून दोन दिवसांसाठी आलेला असतो. आमच्यासारखा.

रोज रानात जाणाऱ्या लोकांनी जगभर एकच उत्तर काढलेलं दिसतं: दोन न्या. नेपाळी खुकरीच्या म्यानातच मागं दोन छोटे खण असतात. एकात 'कर्दा' नावाचा बारका चाकू, दुसऱ्यात 'चकमक'. फिनलंड-नॉर्वेच्या उत्तरेकडचे सामी लोक 'लेउकू' हे लांब पातं तोडायला वापरतात आणि त्याच्याबरोबर एक आखूड चाकू बाळगतात. काही वेळा दोघांना मिळून एकच म्यान. इतक्या लांब जायला नको. कोडगूतल्या कोडवांचा पारंपरिक पेहराव बघा. पुढं कमरेला नक्षीची आखूड 'पीचेकत्ती', पाठीमागं धातूच्या पकडीत अडकवलेली रुंद, वाकडी 'ओडीकत्ती'. आपल्या घाटाखाली, गगनबावडा किंवा फोंडा उतरून गेलं की, कोकणातल्या माणसाच्या कमरेला मागं आकडी आणि आकडीत कोयती. हात मोकळे, धार शरीरापासून दूर, माडावर चढताना अडचण नाही. ओडीकत्तीची पकड आणि कोकणातली आकडी यांत किती साम्य आहे! सह्याद्रीच्या पावसात, झाडावर चढणाऱ्या माणसानं मध्यम लांबीचं पातं बाळगायची जागा शोधली आणि ती पाठीमागंच सापडली.

आता इतिहासातला तो दिवस, ज्याच्याबद्दल प्रत्येक मराठी पोराला वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. पात्याच्या लांबीच्या दृष्टीनं तो परत बघण्यासारखा आहे. सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या बखरीत महाराजांकडं बिचवा आणि वाघनखं आहेत. परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात, जे महाराजांच्या हयातीतलं आहे, वाघनखांचा पत्ता नाही. तिथं कृपाण आहे. यावर इतिहासकारांत बराच खल झालेला आहे. पण दोन्हीकडं एक गोष्ट पक्की आहे: पहिला वार मिठी मारण्याइतक्या अंतरावरून झाला. त्या अंतरात तलवार निरुपयोगी. म्यानातून बाहेर काढायलाच हातभर जागा लागते. खानाकडून वार झाला तोही आखूड हत्याराचा. दोन्ही बाजूंनी भेटीची जागा, बरोबरची माणसं, ती किती लांब उभी राहणार, हे सगळं आधी वाटाघाटीनं ठरलं होतं. अंतर ठरलं तेव्हाच हत्यारही ठरलं, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं.

आणि मग काही क्षणांत अंतर बदललं. सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा आणि त्याला जडवलेलं लांब, सरळ, लवचीक पातं. मनगट वाकतच नाही, सगळा हात एक तरफ होतो. आठपटीचं गणित इथं पूर्ण वापरलेलं. बिचव्यानं पट्टा अडवता येत नाही. तो अडवला जिवा महालानं, सय्यद बंडाचा हात तोडून. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण शौर्याची म्हणून म्हणतो, ते बरोबरच आहे. मला त्यात दुसरंही दिसतं. आखूड पातं जवळ बाळगणाऱ्या माणसानं लांब पातं चालवणारा माणूस हाकेच्या अंतरावर उभा ठेवला होता. दोन न्या, हेच उत्तर. फक्त दुसरं पातं दुसऱ्या माणसाच्या हातात.

वाघनखं जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आली, तेव्हा दर्शनाला रांगा लागल्या. ती साताऱ्याला असलेल्या जेम्स ग्रँट डफकडं होती आणि त्याच्या वंशजांकडून संग्रहालयाला मिळाली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं संग्रहालय स्वतः सांगतं. रांगेत उभ्या असलेल्यांना त्यानं फरक पडला नाही, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. म्हणजे एकाच वर्षात आपण बोटांत मावणारं पातं आणि हातापेक्षा लांब पातं, दोन्ही डोक्यावर घेतली. कोल्हापूरच्या तालमींमध्ये मर्दानी खेळात पट्टा अजून फिरतो. पट्टा फिरवणाऱ्याभोवती पोरं किती लांब उभी राहतात ते कधी बघा. वस्तादांना सांगावंच लागत नाही.

लांब पात्याचं आखूड कसं होतं, याचं आणखी एक उदाहरण दख्खनच्या कट्यारीत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात घडलेली लांब पाती जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरायची. त्यांना इथली मूठ बसवली की झाली 'फिरंगी'. पातं परदेशी म्हणून नाव फिरंगी, इतका साधा मामला. ही पाती महाग होती आणि लढाईत तुटायची. तुटलेलं पातं टाकून कोण देतो? त्याचे तुकडे कापून, कट्यारीच्या मुठीतून पुढं आलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये रिबेट मारून बसवायचे. संग्रहालयात अशा कट्यारी बघितल्या तर पात्यावरच्या उभ्या पन्हळी मध्येच कापल्यासारख्या दिसतात. त्या मूळ तलवारीच्या. कट्यारीची मूठ आडवी असते, मुठीत धरून ठोसा मारल्यासारखी वापरायची. बळ हाताच्या सरळ रेषेत जातं, मनगटाला पीळ बसत नाही, म्हणून वीतभर पातंही चिलखताच्या कड्या फोडतं. युरोपातल्या कुठल्यातरी भट्टीत घडलेली तलवार दख्खनमध्ये येऊन कट्यार होते, हा प्रवास मला कुठल्याही शाही दानपत्रापेक्षा जास्त आवडतो.

कोल्हापूरला आखूड पात्याचं एक वेगळंच कामही होतं. संस्थानात चित्त्यांकडून काळविटाची शिकार व्हायची आणि त्यासाठी चित्तेवान पदरी असायचे. चित्ता काळवीट पाडायचा आणि नरडं धरून बसायचा. त्याला तिथून सोडवायचं कसं? चित्तेवान जवळ जायचा, लहान सुरीनं काळविटाचा गळा चिरायचा, रक्त लाकडी पळीत घ्यायचा आणि ती पळी चित्त्यासमोर धरायचा. चित्ता पळीकडं वळला की डोळ्यांवर टोपी. चित्त्याच्या जबड्यापासून वीतभर अंतरावर लांब पातं घेऊन कोण जाईल? चमकलं तरी बिथरेल. कामाची कसोटी इतकी जवळ आली की पातं बोटाएवढं होतं.

अमेरिकेतही हा वाद झाला आहे, आणि आपल्या ग्रुपवाल्यांनी तो अर्धाच वाचलाय. लांब पात्याचा देव म्हणजे जिम बोवी. १९ सप्टेंबर १८२७ ला मिसिसिपी नदीच्या वाळूच्या पट्टीवर झालेल्या मारामारीत त्यानं मोठा सुरा चालवला आणि त्याच्या नावाचे सुरे देशभर खपायला लागले. ते मारामारीचं हत्यार होतं, तंबूतलं नव्हतं. पुढं १८८४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या माणसानं, 'नेसमुक' या टोपणनावानं, रानात राहण्याविषयी पुस्तक लिहिलं. त्याच्याकडं दुधारी छोटी कुऱ्हाड, एक पातळ आखूड चाकू आणि एक घडीचा चाकू, एवढंच. जाडजूड शिकारी सुऱ्यांची त्यानं टिंगलच केली आहे. १९०६ मध्ये हॉरस केफार्टनं साडेचार इंच पातं आणि तेवढीच मूठ असा चाकू पुरेसा ठरवला. महिनोन् महिने रानात राहिलेले दोघंही आखूड पातं आणि जोडीला कुऱ्हाड, या मताचे. आमच्या लोहाराला विचारलं असतं तर त्यानं पुस्तक न लिहिता हेच सांगितलं असतं.

आता नऊ इंचांकडं येऊ. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत हत्यारांचे वर्ग पाडलेले आहेत. पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर चाकू येतात. खुकरी आणि कृपाण यांचा नावानं उल्लेख आहे. मोजमाप असं: पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. म्हणजे लांब की आखूड या प्रश्नाला सरकारनं फूटपट्टी लावून दिलेलं उत्तर आहे, साधारण २३ सेंटीमीटर. त्याला एक अपवाद जोडला आहे: घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. कोयता लांबीलाही बसत नाही आणि रुंदीलाही, तो कायदेशीर आहे तो फक्त या अपवादामुळं. शेतीचं अवजार म्हणून.

मग पेपरात रोज 'हत्यार कायदा कलम ४ (२५)' खाली कोयत्यासह अटक कशी होते? कारण हेतू. बांधावरचा कोयता आणि रात्री दुचाकीवर शर्टाखाली लपवलेला कोयता यांची लांबी तीच. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला आणि एका अवजाराची अब्रू गेली. रील्समध्ये पोरं कोयते फिरवतात, केक कापतात, आणि तेवढ्यावर गुन्हा दाखल होतो. चाळीस-चाळीस किलोंच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईला 'अर्धा कोयता' म्हणणारी भाषा आणि 'कोयता गँग' म्हणणारी भाषा एकच आहे, आणि दोन्ही शब्द एकाच बातमीपत्रात दहा मिनिटांच्या अंतरानं ऐकू येतात. आपल्या ट्रेकवाल्यांना याचा अर्थ सरळ आहे. ऑनलाइन मागवलेला दहा इंची, दातेरी पाठीचा, काळ्या रंगाचा सुरा शेतीचाही नाही आणि स्वयंपाकाचाही. ज्या अपवादातून कोयता सुटतो त्यातून तो सुटत नाही. नाक्यावर बॅग उघडायला लावली तर 'सर, सर्व्हायव्हल' हे उत्तर चालणार नाही.

आणि काही वेळा नऊ इंचही कामाचे नाहीत. सणवार, निवडणुका, आंदोलनं आली की जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली बंदी आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, सुऱ्यांबरोबर काठ्यासुद्धा येतात. तिथं लांबी कुणी मोजत नाही.

प्रत्यक्ष पन्हाळा-पावनखिंड वाटेवर पात्याचं काम किती असतं? कांदा कापणं, नायलॉनची दोरी तोडणं, पायाला चिकटपट्टी कापून लावणं, पिशवी फोडणं, फार तर बुटात अडकलेला काटा काढणं. जुलैत लाकूड इतकं भिजलेलं असतं की तोडून उपयोग नाही, आणि वाटेतल्या वाड्यांवर चूल पेटलेली असते. १६६० च्या त्या जुलैच्या रात्री पालखीबरोबर पळणाऱ्यांना लांब पाती लागली, कारण मागं सिद्दीचं सैन्य होतं. आपल्यामागं फार तर शेवटची एसटी असते. माझं मत विचाराल तर चार इंच पातं, दोन-अडीच मिलिमीटर जाडी, गंजायचं नाही असं पोलाद, आणि चिखलात पडलं तरी दिसेल अशा भडक रंगाची मूठ. गंजाचं पहिलं बघा. चार महिन्यांच्या आपल्या दमटपणात कार्बन स्टीलचं देखणं पातं एका मुक्कामात लाल होतं.

राधानगरीकडं, दाजीपूरच्या गव्यांच्या अभयारण्यात जाणार असाल तर हेही घरी ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या 'हत्यार' शब्दाच्या व्याख्येत बंदुका, फासे, जाळी यांच्या रांगेतच चाकूही आहे. किती इंची, ते लिहिलेलं नाही. कांदा घरूनच चिरून न्या.